दोन दहाला पडणारा सर्व्हर

माझ्या धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं सोडलं, त्याला गेल्या दसऱ्याला चार वर्षं झाली होती. फोन तो करायचा, दर रविवारी, न चुकता. पण माझ्या बायकोच्या मोबाइलवर. अर्धा-पाऊण तास दीर-भावजय बोलायचे. मी शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचो आणि एकच बातमी दहादा वाचायचो. शेवटी तो विचारायचा, "दादा बरा हाय ना?" बायको माझ्याकडे बघत म्हणायची, "बरा हाय." माझी विचारपूस तेवढ्यात आटपायची. मग मी पेपर घडी करून ठेवायचो आणि उगाच कशावरून तरी बायकोवर चिडायचो.

वाशीमला बसस्टँडपासून पाच मिनिटांवर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. आम्ही दोघा भावांनी मिळून काढलेला. मी समोर बसून प्रवेश, बॅचेस, आईबापांच्या चौकशा बघायचो. आतलं सगळं त्याच्याकडे. बावीस स्क्रीन आहेत, पण डोकं एकच. कोपऱ्यात जाळीच्या कपाटात एक सर्व्हर आहे आणि सगळे कॉम्प्युटर त्याच्यावर चालतात. तो बंद पडला की बावीसही स्क्रीन एकदम मुक्या होतात. हा सर्व्हर भावाने स्वतः जुळवला होता, जमिनीवर मांडी घालून, स्क्रू ओठात धरून. ओठात स्क्रू असतानाच तो माझ्याशी बोलायचा, आणि मी त्याच्यावर खेकसायचो की गिळशील एखादा.

वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. त्याची फी, त्याचे कपडे, त्याच्या तापात उशाशी बसणं मीच केलं. त्यामुळे तो तिशीचा झाला तरी माझ्या लेखी सातवीतच राहिला. सगळं बिघडलं ते माझ्या या समजुतीमुळे.

झालं ते असं. एका दुपारी सराव परीक्षा चालू असताना वीज गेली. वीज जाणं आमच्याकडे नवीन नाही, त्यासाठी यूपीएस होता, पण त्याच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. सर्व्हर बंद पडला, पोरांचा पाऊण तासाचा सराव गेला, एक मुलगी रडायला लागली. मी काउंटरवरून उठून आत गेलो आणि सगळ्या बॅचसमोर भावाला नको नको ते बोललो. "तुले काईच येत नाई. तुह्या भरवशावर क्लास ठेवला थे माहीच चुकी." त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि गेला. पंधरा दिवसांत त्याला पुण्यात नोकरी लागली, असलेच पण शेकड्यांनी सर्व्हर सांभाळायची.

बॅटऱ्या बदला म्हणून तो तीन महिने माझ्या मागे लागला होता. त्याची तशी चिठ्ठी माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होती. हे मला ओरडताना, त्या क्षणीसुद्धा, माहीत होतं. माहीत असून मी बोलत राहिलो, कारण एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो. 'चुकलं माझं' हे दोन शब्द मग चार वर्षं घशात अडकून राहिले. मोठ्या भावाने धाकट्याला असं म्हणायचं तर कसं म्हणतात, हे आमच्या घरात मी कधी पाहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी टायपिंगचं नवीन सॉफ्टवेअर आलं आणि सर्व्हर दमायला लागला. पोरांनी की दाबली की अक्षर निवांत, आपल्या सवडीने स्क्रीनवर यायचं. दुपारच्या बॅचला तर अक्षर येईपर्यंत पोरं माझ्याकडे बघत बसायची. बायकोने रविवारच्या फोनवर दिराला सांगितलं. त्याने तिला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं की मेमरी वाढवावी लागेल, अमुक वेगाची, अमुक इतकी. दोन पट्ट्या आधीच्या आहेत, दोन नव्या शेजारच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचांत, बसवायच्या. खाली कशा बसवायच्या तेही सविस्तर. तो मेसेज मी बायकोच्या मोबाइलवर इतक्यांदा वाचला की ती म्हणाली, "पाठच करता का?"

रॅम, म्हणजे मेमरीच्या त्या दोन पट्ट्या, अकोल्याहून आली ती ऐन दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला क्लास बंद असतो, तेव्हा त्याच दिवशी बसवायचं ठरवलं. नव्या गोष्टीला दिवसही चांगला. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. कुणाचं वखर-पाभर, कुणाचा ऑटो, कुणाचं शिवणयंत्र, तसा आमचा सर्व्हर. ही पूजा भाऊच करायचा. झाकण उघडून ब्लोअरने वर्षभराची धूळ उडवायचा, झाकण लावायचा आणि कुंकवाचं बोट टेकवायचा. मी तेव्हा समोर बसून शुभेच्छांचे फोन घेत असायचो. तो गेल्यावर बायको करायची. गेल्या वर्षी मात्र मी म्हणालो, "आज मी करतो." का म्हणालो, ते मला सांगता येईल, पण तिने विचारलं नाही.

ताट आलं, झेंडू आले, वाटीत कुंकू भिजवलं. घरात नवीन काही आलं, मग तो फ्रिज असो की मोटारसायकल, वापरायच्या आधी त्याला टिळा लावायचा हे मला लहानपणापासून ठाऊक. मी दोन्ही पट्ट्या पुठ्ठ्यातून काढल्या, ताटात ठेवल्या आणि एकेकीला ऐसपैस टिळा लावला. वर हळद. वर चार अक्षता. मग तशाच ओल्या लाल बोटांनी सर्व्हरमध्ये बसवल्या, खट् आवाज येईपर्यंत दाबून, मेसेजमध्ये सांगितलं होतं तसं. सर्व्हर चालू झाला. स्क्रीनवर वाढलेली मेमरी दिसली. मला वाटलं, हे त्याला दाखवावं. बायको फोटो काढून पाठवत होती तेव्हा मी मुद्दाम सर्व्हरच्या शेजारी उभा राहिलो.

सोमवारी क्लास सुरू झाला. सकाळच्या दोन्ही बॅच झकास गेल्या. अक्षरं बोटाबरोबर उमटत होती. दोनला मोठी बॅच बसली, बावीसच्या बावीस, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी सगळ्या स्क्रीन गोठल्या. कोपऱ्यात जाऊन पाहिलं तर सर्व्हरच्या स्क्रीनवर निळ्यावर पांढरं इंग्रजी. बंद करून चालू केला. वीस मिनिटं चालला, पुन्हा पडला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, आत पंखा गरम हवा फिरवतोय आणि पोरं माझ्याकडे बघतायत.

बायकोने मला न विचारता त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मी ऐकलं.

"सर्वरजवळ कोन हाय, वयनी?"

"तुहा दादा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "द्या त्याले."

मी मोबाइल घेतला तो उलटाच कानाला लावला, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. चार वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलणार होता. तो म्हणाला, "दादा, समोर काय दिसून राह्यलं?"

"निळी स्क्रीन हाय."

"इंग्रजीत काय लिवलं हाय, थे वाच."

मी वाचलं. पहिलीतल्या पोरासारखं, एकेक शब्द अडखळत. तो "हं", "हं" करत होता. मग म्हणाला, बंद करून चालू कर, मी इकडून सर्व्हरच्या आत शिरून लॉग बघतो, फोन चालू ठेव. लॉग म्हणजे सर्व्हरची स्वतःची वही; कधी काय झालं ते तो स्वतःच लिहून ठेवतो. पासवर्ड अजून त्याचेच होते, म्हणून पुण्यात बसून त्याला ती वाचता येत होती. मला त्याच्या की-बोर्डचा आवाज ऐकू येत होता. तो काही वाचताना हळू शीळ घालतो, जुनी सवय. तीही ऐकू आली. चांगली दहा मिनिटं मी मोबाइल कानाला लावून त्या जाळीच्या कपाटापाशी उभा होतो आणि पोरं, क्लास, परीक्षा काही माझ्या डोक्यात नव्हतं.

"मेमरीचा घोळ दिसते," तो म्हणाला. "एकेक करून पाहा लागीन. उद्या चारी पट्ट्या काढून पुन्हा बसव. मी दोनले फोन करतो."

मी करतो, असं म्हणाला. बायकोला नाही, मला. माझा नंबर त्याच्याकडे होता हेच मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं तसं सगळं काढलं. नव्या पट्ट्यांवर कुंकू वाळून कडक झालं होतं. मी रुमालाने पुसून टाकलं. त्याला सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी बोलतोय तर पहिल्याच दिवशी आपलं हसं का करून घ्या. "व्हिडिओ लाव, पाह्यतो," असं तो म्हणाला तेव्हा मी चक्क खोटं बोललो की नेट चालत नाही. सगळं परत बसवलं. दोन दहाला पडला.

तिसऱ्या दिवशी नव्या पट्ट्या बाहेर ठेवून नुसत्या जुन्यांवर चालवला. दिवसभर हळू हळू, कुरकुरत, पण चालला. पाचला त्याचा फोन आला.

"चालला?"

"चालला."

"बरं. उद्या नवीतली एकच लाव, तीन नंबरच्या स्लॉटमंदी." आणि ठेवला.

अर्धं मिनिटसुद्धा नाही. सर्व्हर चालला तर अर्धं मिनिट आणि पडला तर एक तास, हा हिशोब मला त्या दिवशी कळला. त्या रात्री जेवताना मी भाकरी कुस्करत बसलो होतो. बायको म्हणाली, "आज चालला ना सर्वर? मंग तोंड कायले पाडलं?" मी तिच्यावर ओरडलो की भाजी खारट आहे. भाजी खारट नव्हती.

चौथ्या दिवशी पट्टी लावली आणि दोन वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसलो. दोन पाच. दोन आठ. दोन दहाला स्क्रीन गोठल्या तेव्हा पोरांनी "अरे यार" केलं आणि मला चक्क बरं वाटलं. एका शिकवणाऱ्या माणसाने असं वाटून घेऊ नये. पण वाटलं.

मग रोज एक तास. ही पट्टी काढ, ती लाव. कोपऱ्यातली लहान कळ दाब. फिरतोय का पंखा? हात लावून बघ, किती गरम आहे. सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागायची आणि त्या सात-आठ मिनिटांत करायचं काय? आधी आम्ही दोघंही गप्प राहायचो. मग तो काही विचारायला लागला. पुसद नाक्यावरचा आलूबोंड्याचा गाडा अजून आहे का? आहे म्हणालो. तर्री तशीच देतो? तशीच. इंझोरीचे मामा थकले का? थकले, पण जीभ नाही थकली. तो हसला. त्याचं हसू मोबाइलमधून आलं आणि मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं, कारण समोर बॅच बसलेली होती.

पुण्यात त्याच्या खोलीला खिडकी नाही, हे मला त्या सात-आठ मिनिटांत कळलं. तो स्वयंपाक स्वतः करतो, वरण त्याला अजून जमत नाही, हेही. लग्नाचं का बघत नाही असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सर्वर चालू झाला का, पाह्य." झाला होता. आम्ही परत कामाला लागलो.

पण बॅटऱ्यांचा विषय मी काढला नाही आणि त्यानेही नाही. रोज ठरवायचो, आज सुरू व्हायच्या आत बोलून टाकायचं. रोज सर्व्हर माझ्याआधी सुरू व्हायचा.

दोन्ही नव्या पट्ट्या आलटून पालटून लावून झाल्या. तीन नंबरच्या स्लॉटमध्ये कुठलीही लावली तरी पडत होता. मग त्याने जुनी, पाच वर्षं न कुरकुरता चाललेली पट्टी तिथे लावायला सांगितली. तीही लावल्यावर पडला. माझ्यासारख्यालाही आता कळायला हरकत नव्हती की दोष पट्टीत नाही, जागेत आहे. तरी मी विचारलं नाही की त्या जागेत काय आहे. त्याने पण सांगितलं नाही. "उद्या पाहू," म्हणाला. मी म्हणालो, "पाहू."

आमच्याकडे रिठदहून एक बाई टायपिंगला यायची. लग्न झालेली, चार वर्षांचं लेकरू सासूजवळ ठेवून, बाराच्या एसटीने येऊन पाचच्या एसटीने जाणारी. वर्गात सगळ्यात मोठी, म्हणून लाजत मागच्या रांगेत बसायची. त्या दिवशी सगळे गेले तरी ती काउंटरसमोर उभी राहिली.

"सर, एक विचारू? राग नोका येऊ देऊ."

"विचारा."

"दिवाळीच्या आदी माही परीक्षा हाय. आठ दिस झाले, मी येतो अन् बंद स्क्रीन पाहून वापस जातो. घरी सासू म्हन्ते, कायले जातं? मले खरं सांगा, हे चालू व्हईन का नाई? नसन व्हत तर मी उद्यापासून येत नाई."

एरवी मी म्हणालो असतो की तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम बंद ठेवतो? ते शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण उत्तर मला माहीत होतं. मी म्हणालो, "उद्या या. उद्या चालू राहील."

ती गेल्यावर मी झाकण उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून तीन नंबरच्या स्लॉटमध्ये पाहिलं. तळाशी, सोनेरी दातांच्या रांगेत, कुंकू होतं. वाळलेलं, हळदीने चिकट झालेलं, चार-पाच दात भरून बसलेलं. माझ्याच ओल्या बोटांचं. थोडी दमट हवा, थोडी उष्णता मिळाली की तिथून चुकीचा आकडा जात असणार आणि सर्व्हर बिचारा कोसळत असणार. मी मेडिकलमधून स्पिरिट आणलं, नवा मऊ ब्रश आणला आणि तासभर बसून एकेक दात साफ केला. पट्ट्यांचे दात खोडरबराने घासले. स्क्रू मी ओठात धरले होते हे झाकण लावताना लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी चारही पट्ट्यांवर सर्व्हर चालला. दोन दहा झाले, अडीच झाले, चार झाले. बावीस की-बोर्डांचा एकसारखा पाऊस पडल्यासारखा आवाज. रिठदची बाई जाताना म्हणाली, "सर, आज लय झाक चाललं." मी मान हलवली.

पाचला फोन आला.

"चालला?"

"चालला."

"चारीवर?"

"चारीवर."

"काय केलं?"

"काई नाई. सगळं काढून परत बसवलं."

"बरं. मंग झालं," तो म्हणाला. "ठेवतो."

झालं. त्यानंतरचे तीन दिवस सर्व्हर चालला आणि माझा मोबाइल वाजला नाही. रविवारी बायकोच्या मोबाइलवर वाजला. अर्धा तास दोघं बोलले. मी पेपर उघडून बसलो. शेवटी आवाज आला, "दादा बरा हाय ना?" आणि ती म्हणाली, "बरा हाय." मला तो पेपर फाडून टाकावासा वाटला. आठ दिवस मला माझा भाऊ मिळाला होता आणि मी स्वतःच्या हाताने, ब्रशने, साफ करून टाकला होता.

सोमवारी पाच वाजता शेवटची बॅच गेली. क्लास रिकामा झाला, खुर्च्या सरळ केल्या. मग मी जाळीचं कपाट उघडलं आणि सर्व्हरचं बटन दाबून धरलं, तो घरघर करून गप्प होईपर्यंत. आणि माझ्या मोबाइलवरून, माझ्या हाताने, त्याला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"पुन्हा पडला," मी म्हणालो.

"थांब," तो म्हणाला. "चालू कर. मी लॉग पाह्यतो."

की-बोर्डचा आवाज आला. शीळ आली. मध्येच थांबली. मला वाटलं, फोन कटला.

"दादा, झाकण उघड," तो म्हणाला.

आणि त्याने मला पहिल्यापासून सगळं करायला लावलं. चारही पट्ट्या काढ. पहिली लाव, चालू कर. थांबू. दुसरी लाव. थांबू. पंखा बघ. वायर हलव. सर्व्हर दर वेळी शहाण्यासारखा सुरू होत होता, आणि दर वेळी तो म्हणत होता, "अजून एकदा पाहू." मधल्या वेळात तो ऑफिसमधल्या एका पोराबद्दल बोलला, त्याच्या घरमालकाच्या कुत्र्याबद्दल बोलला. मी त्याला वरण कसं घोटायचं ते सांगितलं. बाहेर अंधारून आलं. तासाच्या वर झालं होतं. चौथी पट्टी बसवायच्या वेळी माझ्याने राहवलं नाही.

"ऐक. सर्वर पडला नाई. म्याच बटन दाबलं."

"मालूम हाय," तो म्हणाला. "लॉगमंदी लिवून येते ना. बटन दाबून बंद केला म्हनून. पाच वाजून बारा मिनटं."

"मंग हे एक तास..."

मी खाली फरशीवर बसलो. एका हातात रॅमची पट्टी आणि दुसऱ्यात मोबाइल. मग जे आलं ते सगळं एकदम आलं. कुंकवाचं सांगितलं. स्लॉटमध्ये मीच घातलं, रुमालाने पुसून लपवलं, नेट नाही म्हणून खोटं बोललो, सगळं. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. मग म्हणालो, "अन् त्या दिवशी बॅटरीचं. थे माहं चुकलं होतं. तुनं सांगतलं होतं मले. तुही चिठ्ठी माह्या ड्रॉवरमंदी होती. मले मालूम होतं अन् मी तुले पोट्ट्यायसमोर बोललो." माझा आवाज फाटला. पन्नाशीच्या पुढचा माणूस, रिकाम्या क्लासमध्ये फरशीवर बसून.

पलीकडे त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "दादा, मले बी एक सांगाचं हाय. तीन नंबरचा स्लॉट."

"त्याचं काय?"

"पह्यल्याच दिवशी लॉगमंदी लिवून होतं. पह्यल्याच ओळीत. चूक तीन नंबरच्या स्लॉटमंदी हाय म्हनून."

मला समजायला जरा वेळ लागला. आठ दिवस. बावीस पोरं. रिठदची ती बाई, बाराची एसटी, तिची सासू. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी ओरडायला तोंड उघडलं. "अन् तुनं मले सांगतलं काहून नाई बे?"

"सांगतलं असतं," माझा भाऊ म्हणाला, "तर तू फोन ठेवला असता."

मी तोंड मिटलं. फोन ठेवला नाही.